इम्युनोस्टेनिंगसाठी फ्लुओरेसंट डाय कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशी आणि ऊतींच्या स्लाइडवर अँटिबॉडीने रंगकाम करणाऱ्या एमएस्सी, पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून आणि नव्या लॅब असिस्टंटांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. तुमचा प्रश्न थेट सापडला नाही तर शेजारचे उत्तरही पाहा. बहुतेक अडचणींचे मूळ डायमध्ये नसते. ते डाय, मायक्रोस्कोप आणि माउंटिंग माध्यम (कव्हरस्लिपखाली नमुना झाकणारे द्रव) या तिघांच्या जुळणीत असते.

१. सेकंडरी अँटिबॉडी तीच, फक्त डाय वेगळा. मग एवढा फरक का पडतो?

प्रायमरी अँटिबॉडी प्रथिनाला धरते आणि डाय जोडलेली सेकंडरी त्या प्रायमरीला. म्हणजे अँटिबॉडी पत्ता शोधते, डाय तिथे दिवा लावतो. त्या दिव्याचे चार गुण तुमच्या कामाचे आहेत: तो कोणत्या तरंगलांबीवर पेटतो, किती उजळ आहे, किती वेळ टिकतो आणि अँटिबॉडीवर लागल्यावर तिला चिकट करतो का. कॅटलॉगमध्ये पहिले दोन ठळक छापलेले असतात, उरलेले दोन स्लाइडवरच कळतात. ब्लीच होणारा, म्हणजे प्रकाशात कायमचा फिका पडणारा, डाय फोकस जुळेपर्यंत विझतो. चिकट डाय जिथे प्रथिन नाही तिथेही बसतो आणि बॅकग्राउंड वाढवतो.

२. डाय ‘ब्राइट’ आहे हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

दोन आकडे पाहा. मोलर एक्स्टिंक्शन कोइफिशंट म्हणजे डाय किती प्रकाश शोषतो, आणि क्वांटम यील्ड म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला किती भाग परत फेकतो. दोघांचा गुणाकार म्हणजे एका रेणूची उजळता.

| डाय | उद्दीपन / उत्सर्जन (नॅनोमीटर) | एक्स्टिंक्शन (सुमारे) | क्वांटम यील्ड |
|---|---|---|---|
| अलेक्सा फ्लुअर ४८८ | ४९५ / ५१९ | ७३,००० | ०.९२ |
| अलेक्सा फ्लुअर ५४६ | ५५६ / ५७३ | १,१२,००० | ०.७९ |
| अलेक्सा फ्लुअर ५५५ | ५५५ / ५६५ | १,५५,००० | ०.१० |
| अलेक्सा फ्लुअर ५६८ | ५७८ / ६०३ | ८८,००० | ०.६९ |
| अलेक्सा फ्लुअर ५९४ | ५९० / ६१७ | ९२,००० | ०.६६ |
| अलेक्सा फ्लुअर ६४७ | ६५० / ६६५ | २,७०,००० | ०.३३ |
| ॲटो ६४७एन | ६४४ / ६६९ | १,५०,००० | ०.६५ |

(यापुढे डाय म्हणून नुसता आकडा आला तर तो त्या आकड्याचा अलेक्सा फ्लुअर समजा.) या तक्त्यावरून ५५५ अगदीच मंद वाटेल. प्रत्यक्षात ५५५ आणि त्याचा जवळचा नातेवाईक सीवाय३ हे वर्षानुवर्षे उजळ सेकंडरी म्हणून वापरात आहेत. कारण तक्ता मोकळ्या रेणूचा आहे आणि तुम्ही वापरता तो अँटिबॉडीवर बसलेला डाय. या दोघांच्या, म्हणजे सायनिन, कुळातल्या काही डायची उजळता प्रथिनाला जोडल्यावर वाढते, आणि एका अँटिबॉडीवर किती रेणू बसवले यावरही बरेच अवलंबून असते (प्रश्न १२). तेव्हा तक्ता फक्त अंदाजासाठी आहे. निकाल तुमच्या स्लाइडवर, तुमच्या फिल्टरमधून लागतो.

३. लॅबमध्ये एफआयटीसीची सेकंडरी पडून आहे. तीच वापरली तर चालेल का?

ठळक दिसणाऱ्या प्रथिनासाठी आणि लगेच फोटो काढणार असाल तर चालेल. मोजमाप करायचे असेल किंवा स्लाइड आठवडाभर ठेवायची असेल तर नको.

फ्लुओरेसिनचा इतिहास मोठा आहे. ॲल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये अँटिबॉडीला पहिल्यांदा फ्लुओरेसंट डाय जोडला. तो निळसर अँथ्रासिनचा होता. पुढे त्यांनी फ्लुओरेसिन आयसोसायनेट आणले आणि १९५८ मध्ये हाताळायला सोपे आयसोथायोसायनेट, म्हणजे आपले एफआयटीसी आले. पण त्याचे दोन दोष तेव्हापासून सोबत आहेत. एक म्हणजे त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आम्ल रूपात असतात) ६.४ च्या आसपास आहे. पीएच ७ च्या खाली गेला की उजळता झपाट्याने पडते, म्हणून आम्ल माउंटिंग माध्यमात किंवा जुन्या, पीएच न तपासलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट-सलाइन बफरमध्ये) ते फिके दिसते. दुसरा दोष म्हणजे ते लवकर ब्लीच होते. अलेक्सा ४८८ ची उजळता पीएच ४ ते १० मध्ये जवळपास सारखी राहते आणि तो कितीतरी जास्त वेळ टिकतो. फिल्टर तोच चालतो, त्यामुळे बदलायला वेगळा खर्च नाही. एफआयटीसीच वापरणार असाल तर माउंटिंग माध्यमाचा पीएच ८ ते ८.५ ठेवा.

४. आमच्या मायक्रोस्कोपवर कोणता डाय चालेल हे कसं ठरवायचं?

डायची ऑर्डर देण्याआधी मायक्रोस्कोपच्या प्रकाशस्रोताची आणि फिल्टर क्यूबची माहिती कागदावर लिहून काढा. हे एक काम केले तर या पानावरचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

मर्क्युरी दिव्याचा प्रकाश सगळीकडे सारखा नसतो. ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास त्याचे उंच सुळके आहेत. म्हणून डॅपी (केंद्रकातल्या डीएनएला लागणारा निळा डाय), सीवाय३, अलेक्सा ५४६ आणि ५५५ त्यावर खुलून दिसतात. ४८८ च्या भागात सुळका नाही, तरी क्वांटम यील्ड जास्त असल्यामुळे अलेक्सा ४८८ निभावून नेतो. ६०० च्या पुढे मात्र मर्क्युरीत फारसा जोर नाही, त्यामुळे ६४७ मंद दिसतो. दिवा दोनशे-तीनशे तास चालला असेल तर तो आणखी मंद दिसतो. लाल भागासाठी झेनॉन, मेटल हॅलाइड किंवा योग्य बँड असलेला एलईडी बरा.

कन्फोकलवर, म्हणजे लेसरने बिंदू-बिंदू स्कॅन करणाऱ्या मायक्रोस्कोपवर, लेसरची नेमकी तरंगलांबी विचारा. ५६१ चा लेसर असेल तर ५५५ किंवा ५६८ घ्या. ५९४ त्या लेसरने पेटतो, पण त्याच्या शिखरापासून बराच खाली, म्हणजे उजळता वाया जाते. जुन्या मशीनवर ५४३ चा हीलियम-निऑन असेल तर ५४६, ५५५ किंवा सीवाय३ घ्या. ६३३ आणि ६४०, दोन्ही लेसर ६४७ साठी पुरेसे आहेत.

५. तीन-चार रंग एकत्र हवेत. कोणत्या प्रथिनाला कोणता डाय द्यायचा?

चार रंगांसाठी डॅपी, ४८८, ५६८ आणि ६४७ हा संच बहुतेक कन्फोकलवर बिनबोभाट चालतो. ५५५ ऐवजी ५६८ घेतल्याने हिरव्या चॅनलपासून अंतर थोडे वाढते. वाइडफील्डवर, म्हणजे सगळे क्षेत्र एकदम उजळणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपवर, टेक्सास रेडचा फिल्टर असेल तर ५९४ घ्या. मग हिरव्या आणि लाल रंगांत सांडलवंड फारच कमी होते.

वाटप करताना नियम एकच: जे प्रथिन सगळ्यात कमी आहे त्याला सगळ्यात चांगला डाय. ॲक्टिन, ट्युब्युलिन, व्हिमेंटिन ही भरपूर असतात, त्यांना कोणताही डाय पुरतो. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर किंवा पेशीपृष्ठावरचा विरळ रिसेप्टर असेल तर त्याला ४८८ द्यायचा की ६४७, हे ऊतीवरून ठरवा. कल्चरमधल्या पेशी असतील तर ४८८. यकृत, मेंदू, मूत्रपिंड किंवा पॅराफिनमधली ऊती असेल तर ६४७, कारण लाल टोकाला ऊतीची स्वतःची चमक सगळ्यात कमी असते (प्रश्न ९).

निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे अलेक्सा ४०५ वर, महत्त्वाचे प्रथिन ठेवू नका. त्या डायची उजळता मुळात कमी, ऊतीची चमक तिथे सगळ्यात जास्त आणि आपला डोळाही त्या रंगाला कमजोर. ती जागा डॅपीला किंवा त्याच कामाच्या होक्स्टला द्या: ०.१ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, ५ मिनिटे.

६. ६४७ लावला, पण आयपीसमधून काहीच दिसत नाही. स्टेनिंग फसलं का?

बहुधा नाही. ६६५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. कित्येक चांगल्या स्लाइड याच कारणाने फेकल्या गेल्या आहेत. आयपीसमधून डॅपी किंवा ४८८ वर फोकस करा आणि मग कॅमेऱ्यावर किंवा डिटेक्टरवर जाऊन ६४७ पाहा. तरीही काही नसेल तर तीन गोष्टी तपासा: कॅमेऱ्यासमोर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर आहे का (रंगीत कॅमेऱ्यांत बहुधा असतो), दिव्याला लाल भागात जोर आहे का (प्रश्न ४), आणि माउंटिंग माध्यम ६४७ ला पोषक आहे का (प्रश्न ८).

७. हिरव्या चॅनलमधली रचना लालमध्येही दिसते. कोलोकलायझेशन की ब्लीड-थ्रू?

कोलोकलायझेशन म्हणजे दोन प्रथिने खरोखर एकाच जागी असणे, ब्लीड-थ्रू म्हणजे एका डायचा प्रकाश दुसऱ्याच्या चॅनलमध्ये सांडणे. नुसत्या चित्रावरून हे सांगता येत नाही, त्यासाठी सिंगल-स्टेन कंट्रोल लागतो. एका स्लाइडवर फक्त हिरवा डाय लावा आणि बाकी सगळे तसेच ठेवा. मग लाल चॅनल, प्रयोगात वापरता त्याच सेटिंगवर पाहा. तिथे रचना दिसली तर ती सांडलेली आहे. असाच कंट्रोल प्रत्येक डायसाठी करा.

उपाय क्रमाने करा. कन्फोकलवर चॅनल एकत्र न घेता सिक्वेन्शियल स्कॅन करा, बहुतेक ब्लीड-थ्रू इथेच संपते. राहिले तर उत्सर्जनाचा बँड अरुंद करा. तरीही राहिले तर हिरव्या डायच्या अँटिबॉडीचे प्रमाण कमी करा. अतिउजळ हिरवा आणि मंद लाल ही जोडीच ब्लीड-थ्रूचे सगळ्यात मोठे कारण असते.

यात एक फसवा प्रकार आहे. डॅपी आणि होक्स्ट अतिनील प्रकाशात थोडा वेळ राहिले की त्यांच्यातला काही भाग हिरवा चमकणाऱ्या रूपात बदलतो. मग हिरव्या चॅनलमध्ये केंद्रके दिसू लागतात आणि आपले प्रथिन केंद्रकात आहे असे वाटते. म्हणून फोटो नेहमी लांब तरंगलांबीकडून सुरू करा: आधी ६४७, मग ५६८, मग ४८८, शेवटी डॅपी. डॅपीच्या प्रकाशात फोकस शोधत बसायचे असेल तर स्लाइडच्या एका कोपऱ्यात शोधा आणि फोटोसाठी न उजळलेल्या जागी जा.

८. स्लाइड बघता बघता फिकी पडते. कोणतं माउंटिंग माध्यम घ्यावं?

उत्तेजित अवस्थेतला डाय ऑक्सिजनशी आणि त्यातून तयार झालेल्या क्रियाशील संयुगांशी भिडला की कायमचा विझतो. माध्यमात घातलेले अँटिफेड द्रव्य ही साखळी तोडते. पण प्रत्येक अँटिफेड प्रत्येक डायला मानवत नाही.

पी-फिनिलीनडायअमीन (हे एक अँटिफेड) असलेल्या माध्यमात सीवाय२ वापरू नका. माउंट करताना सिग्नल ठीक दिसतो, पण ठेवल्यावर मंद आणि पसरट होतो. हेच संयुग जुने झाले की तपकिरी पडते आणि स्वतः चमकते. अलेक्सा ६४७ सुद्धा काही माध्यमांत मंदावतो. त्यामुळे माध्यमाच्या माहितीपत्रकात तुमचा डाय नावानिशी आहे का हे आधी पाहा.

घरी करायचे साधे माध्यम: ९० टक्के ग्लिसरॉल, २० मिलीमोलर ट्रिस पीएच ८.०, त्यात अँटिफेड म्हणून ०.५ टक्के एन-प्रोपिल गॅलेट. गॅलेट सहज विरघळत नाही. अंधारात, हलक्या उष्णतेवर, रात्रभर फिरवत ठेवा. हे माध्यम घट्ट होत नाही, म्हणून कव्हरस्लिपच्या कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद करा.

घट्ट होणारे हवे असेल तर मोवियॉल: २.४ ग्रॅम मोवियॉल ४-८८ आणि ६ ग्रॅम ग्लिसरॉल नीट मिसळा, ६ मिलीलिटर पाणी घालून काही तास तसेच ठेवा. मग १२ मिलीलिटर ०.२ मोलर ट्रिस पीएच ८.५ घाला, ५० ते ६० अंशांवर अधूनमधून ढवळत विरघळवा, ५,००० जी वर १५ मिनिटे फिरवून गाळ टाका आणि अँटिफेड म्हणून २.५ टक्के डॅबको मिसळा. छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवा.

अपवर्तनांकही विसरू नका. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचे तेल १.५१८ चे असते आणि ग्लिसरॉलचे माध्यम १.४६ च्या आसपास. पातळ पेशीत हा फरक जाणवत नाही. जाड काप असेल तर १० मायक्रोमीटर खोल गेल्यावर चित्र पसरट आणि मंद होते, आणि दोष डायवर येतो. तिथे १.५२ च्या जवळ जाणारे माध्यम लागते.

पावसाळ्यात प्रोलाँगसारखं माध्यम दोन दिवसांनीही ओलंच राहतं. काय करावं?

ही माध्यमे पाणी उडून घट्ट होतात. मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या हवेत २४ तास पुरत नाहीत. बंद डब्यात वाळवलेला सिलिका जेल ठेवून त्यात स्लाइड आडव्या ठेवा, झाकण लावा, अंधारात ४८ ते ७२ तास थांबा. घट्ट होण्याआधी कडा बंद केल्या तर आतले पाणी अडकते आणि अपवर्तनांक वाढतच नाही. माउंट करण्यापूर्वी कव्हरस्लिपवरचे जादा पीबीएस टिपकागदाच्या कडेने नीट काढा, तो थेंब राहिला तर माध्यम पातळ होते.

९. सेकंडरी न लावलेल्या कापातही चमक दिसते. आता?

ही ऊतीची स्वतःची चमक. ती कुठून येते त्यावर उपाय ठरतो.

कोलॅजन, इलॅस्टिन आणि एनएडीएच निळ्या-हिरव्या भागात चमकतात. तिथून ६४७ कडे सरकणे हाच उत्तम इलाज. लिपोफ्यूसिन, म्हणजे वयस्क प्राण्यांच्या मेंदूत, हृदयात, यकृतात साठणारे पिवळसर कण, मात्र निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे चमकतात. ओळखायची खूण सोपी आहे: तेच कण सगळ्या चॅनलमध्ये एकाच जागी दिसतात. त्यासाठी ७० टक्के इथेनॉलमध्ये ०.१ टक्का सुदान ब्लॅक बी, गाळून, १० ते २० मिनिटे. हे सेकंडरीच्या नंतर करा आणि त्यापुढच्या धुण्यात ट्रायटन किंवा ट्वीन घालू नका, नाहीतर सुदान निघून जाते. सुदान ब्लॅक स्वतः लाल टोकाला थोडी चमक देते, म्हणून ६४७ वर मंद प्रथिन असेल तर आधी रिकाम्या कापावर पाहून घ्या.

ग्लुटराल्डिहाइडने फिक्स केले असेल तर चमक फिक्सेशनची आहे. ताजे बनवलेले सोडियम बोरोहायड्राइड, १ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर पीबीएसमध्ये, १० मिनिटे. बुडबुडे येतात, त्यामुळे सैल चिकटलेले काप उचलले जातात, आणि बाटलीचे झाकण घट्ट लावायचे नाही. फक्त ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १०-१५ मिनिटे वापरले असेल तर १०० मिलीमोलर ग्लायसिन पुरते.

वनस्पतींच्या ऊतीत सल्ला उलटा होतो. क्लोरोफिल ६७०-६८० च्या आसपास जोरात चमकते, म्हणून हिरव्या पानात ६४७ टाळा. हरितद्रव्य काढून टाकता येत नसेल तर ५५५ चा पट्टा पाहा.

१०. डाय बदलून पाहिले, तरी दोन्ही रंग एकमेकांवर तंतोतंत बसतात. असं कसं?

प्राण्यांची यादी तपासा. एक प्रायमरी उंदराची आणि दुसरी बकरीची, आणि सेकंडरी ‘गोट अँटी-माउस’ व ‘डाँकी अँटी-गोट’ असतील तर गाढवाची सेकंडरी बकरीच्या सेकंडरीलाच पकडते. हा डायचा दोष नव्हे. सगळ्या सेकंडरी एकाच प्राण्याच्या, शक्यतो गाढवाच्या, घ्या आणि त्या क्रॉस-ॲडसॉर्ब्ड, म्हणजे इतर प्राण्यांच्या अँटिबॉडीला धरणारा भाग आधीच काढलेल्या, असाव्यात. ब्लॉकिंगसाठी त्याच प्राण्याचे ५ ते १० टक्के नॉर्मल सीरम, एक तास.

एक बारीक मुद्दा बऱ्याच प्रोटोकॉलमधून सुटतो. बकरी आणि मेंढीविरुद्धच्या सेकंडरी गाईच्या अँटिबॉडीलाही धरतात, आणि दुधाच्या पावडरीत व साध्या बीएसएमध्ये (गाईच्या सीरम अल्ब्युमिनमध्ये) ती असते. अँटी-गोट वापरताना दुधाने ब्लॉक करू नका.

११. दोन्ही प्रायमरी उंदराच्याच आहेत. वेगळे रंग देता येतील का?

येतील. आधी आयसोटाइप, म्हणजे अँटिबॉडीचा उपप्रकार, पाहा. एक आयजीजी१ आणि दुसरी आयजीजी२ए असेल तर त्या-त्या उपप्रकाराविरुद्धची सेकंडरी घ्या, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. आयसोटाइप एकच असेल तर एका प्रायमरीला डाय थेट जोडा (प्रश्न १२). क्रम असा: आधी साधी प्रायमरी, मग तिची सेकंडरी, मग मोकळ्या जागा भरण्यासाठी उंदराचे नॉर्मल सीरम, आणि शेवटी डाय जोडलेली प्रायमरी. थेट जोडणीत सेकंडरीने मिळणारी वाढ मिळत नाही, म्हणून ती भरपूर असलेल्या प्रथिनालाच द्या.

१२. अँटिबॉडीला डाय स्वतः जोडायचा आहे. किती घालायचा?

आधी अँटिबॉडीच्या बाटलीत काय आहे ते पाहा. डायचा एनएचएस एस्टर (प्रथिनाला जोडण्यासाठी विकतात ते रूप) लायसिनच्या अमाइनला धरतो, त्यामुळे ट्रिस, ग्लायसिन आणि बीएसए असेल तर डाय त्यांच्यावरच खर्च होतो. ते डायलिसिसने किंवा छोट्या कॉलमने काढा. ०.०२ टक्के सोडियम अझाइड अडथळा आणत नाही.

१ मिलिग्रॅम आयजीजी म्हणजे सुमारे ६.७ नॅनोमोल. ती २ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर, म्हणजे अर्धा मिलीलिटर घ्या. त्यात ५० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम बायकार्बोनेट घाला, पीएच ८.३ आला पाहिजे. डाय दहापट मोल, म्हणजे ६७ नॅनोमोल. अलेक्सा ४८८ च्या एस्टरचे रेणूभार ६४३ धरले तर ४३ मायक्रोग्रॅम, म्हणजे डीएमएसओ या द्रावकातल्या १० मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर द्रावणाचे ४.३ मायक्रोलिटर. हलवत घाला, अंधारात, खोलीच्या तापमानाला एक तास. मग सेफाडेक्स जी-२५ वर मोकळा डाय वेगळा करा.

डीएमएसओ कोरडेच हवे. ते हवेतले पाणी ओढते आणि पाणी एस्टरला निकामी करते. एस्टरची कुपी फ्रीझरमधून काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, दमट हवेत तर मुळीच नाही.

किती बसला हे मोजल्याशिवाय थांबू नका. समजा पाचपट पातळ केल्यावर प्रकाशशोषणाचे वाचन २८० नॅनोमीटरला ०.४० आणि ४९४ ला ०.६० आले. डायचाही २८० ला थोडा वाटा असतो, ४८८ साठी ०.११ पट. म्हणून प्रथिन = (०.४० − ०.६० × ०.११) × ५ ÷ २,०३,००० (आयजीजीचा एक्स्टिंक्शन), म्हणजे ८.२ मायक्रोमोलर. डाय = ०.६० × ५ ÷ ७३,०००, म्हणजे ४१ मायक्रोमोलर. भागाकार ५, म्हणजे एका अँटिबॉडीवर डायचे सरासरी पाच रेणू. अलेक्सा ४८८ साठी ४ ते ८ छान.

जास्त डाय म्हणजे जास्त उजळ, ही समजूत महागात पडते. रेणू फार जवळ आले की एकमेकांना विझवतात आणि अँटिबॉडीची पकडही सैल होते. ६४७ मध्ये हे वर्णपटावरच दिसते: ६५० च्या शिखराशेजारी ६०० ते ६१० ला खांदा वर आला की रेणू जोडीने बसले आहेत असे समजा. पुढच्या वेळी डाय निम्मा करा.

१३. प्रथिन इतकं कमी आहे की कोणताच डाय पुरत नाही.

आधी अँटिबॉडीचे प्रमाण नीट लावले का ते पाहा. २ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटरच्या सेकंडरीचे १:५०० म्हणजे ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर. १:२५०, १:५००, १:१००० आणि १:२००० अशा चार स्लाइड करा, सोबत प्रायमरीविना चार. नुसता सिग्नल पाहू नका, सिग्नल आणि बॅकग्राउंड यांचे गुणोत्तर पाहा. ते बहुतेक वेळा मधल्या पातळीवर उत्तम असते.

तरीही पुरत नसेल तर टायरमाइड ॲम्प्लिफिकेशन. सेकंडरीवरचे पेरॉक्सिडेज टायरमाइड-डाय आजूबाजूच्या प्रथिनांवर कायमचा चिकटवते. आधी ऊतीचे स्वतःचे पेरॉक्सिडेज ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने १०-१५ मिनिटे मारा, आणि या टप्प्यांच्या कोणत्याही बफरमध्ये अझाइड नको, ते पेरॉक्सिडेजला बंद पाडते. प्रतिक्रिया २ ते १० मिनिटांत थांबवा. वेळ वाढला की डाय शेजारच्या रचनेवर पसरतो.

बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनही सिग्नल वाढवते. पण यकृत आणि मूत्रपिंडात मुळातच भरपूर बायोटिन असते, तिथे ते ब्लॉक केल्याशिवाय वापरू नका.

१४. फ्लो सायटोमेट्रीचे पीई आणि पीई-सीवाय७ मायक्रोस्कोपवर चालतात का?

पीई म्हणजे फायकोएरिथ्रिन विलक्षण उजळ आहे, पण लेसरसमोर क्षणभरच येणाऱ्या पेशीसाठी. मायक्रोस्कोपच्या प्रकाशात ते काही सेकंदांत विझते. शिवाय ते सुमारे २,४०,००० डाल्टनचे, म्हणजे अँटिबॉडीपेक्षाही मोठे प्रथिन आहे आणि फिक्स केलेल्या पेशीत खोल जात नाही. पीई-सीवाय७ सारखे जोडडाय प्रकाशात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात, मग नुसते पीई चमकते आणि चुकीच्या चॅनलमध्ये दिसते. स्लाइडसाठी दोन्ही टाळा.

१५. पेशींत जीएफपी आहे. हिरवा चॅनल भरला असं समजायचं का?

जीएफपी (पेशीतच तयार होणारे, हिरवे चमकणारे प्रथिन) अजून चमकत असेल तर हो. दुसरे प्रथिन ५६८ आणि ६४७ वर न्या. मिथेनॉल फिक्सेशनमध्ये किंवा पॅराफिनसाठी अल्कोहोलमधून नेल्यावर जीएफपीची चमक मात्र बहुधा जाते. तेव्हा अँटी-जीएफपी अँटिबॉडी आणि ४८८ ची सेकंडरी लावा, म्हणजे उरलीसुरली चमक आणि डाय एकाच चॅनलमध्ये पडतात. अँटी-जीएफपीला लाल डाय दिलात तर हिरव्यात थोडा जीएफपी राहील आणि पुढे गोंधळ होईल. मिथेनॉलचाच आणखी एक बळी म्हणजे ॲक्टिन रंगवायला वापरतात ते फॅलॉइडिन. मिथेनॉलनंतर ॲक्टिनवर ते बसत नाही, डाय कोणताही असो.

१६. स्टेड आणि स्टॉर्मसाठी वेगळे डाय का सांगतात?

सुपर-रिझोल्यूशन, म्हणजे नेहमीच्या मायक्रोस्कोपपेक्षा बारीक तपशील दाखवणारी, ही दोन्ही तंत्रे डायकडून वेगळेच काम मागतात. एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्याच घराण्यातली ही तंत्रे. स्टेडमध्ये ७७५ नॅनोमीटरचा तीव्र लेसर सतत सोसावा लागतो. तिथे ॲटो ६४७एन, ॲबेरिअर स्टार ६३५पी, अलेक्सा ५९४ चालतात. ॲटो ६४७एन उजळ आणि टिकाऊ आहे, पण पाण्यापासून दूर पळणारा (हायड्रोफोबिक). तो पटलांना चिकटतो, म्हणून ब्लॉकिंग काटेकोर हवे. स्टॉर्ममध्ये डायने लुकलुकले पाहिजे, आणि त्यात अलेक्सा ६४७ सरस आहे. त्यासाठी माउंटिंग माध्यम नव्हे, तर थायोल आणि ग्लुकोज ऑक्सिडेज-कॅटलेज असलेला बफर लागतो. हा बफर काही तासांत आम्ल होतो, म्हणून ताजा करा.

या पातळीवर प्रायमरी आणि सेकंडरीची लांबीही मोजावी लागते. डाय प्रथिनापासून १५-२० नॅनोमीटर दूर पडतो. नॅनोबॉडी (अँटिबॉडीचा अगदी छोटा तुकडा) वापरली तर ते अंतर बरेच घटते.

१७. स्लाइडभर बारीक चमकदार ठिपके दिसतात. डाय खराब झाला का?

डायपेक्षा अँटिबॉडीचे गोळे झाल्याची शक्यता जास्त. वापरण्याआधी सेकंडरीची कुपी १०,००० जी वर, ४ अंशांना, १० मिनिटे फिरवा आणि वरचा भाग घ्या. नवी कुपी ४ अंशांवर, अंधारात ठेवा. वर्षभर टिकवायची असेल तर समान ग्लिसरॉल घालून उणे २० वर ठेवा आणि मग १:५०० ऐवजी १:२५० वापरा, कारण ती निम्मी पातळ झाली आहे. ग्लिसरॉलशिवाय गोठवून वितळवणे हेच गोळ्यांचे नेहमीचे कारण आहे.

१८. हिरव्याची तीव्रता लालच्या दुप्पट आली. म्हणजे ते प्रथिन दुप्पट आहे?

नाही. दोन डायची उजळता, दोन अँटिबॉडींची पकड, दिव्याचा जोर, फिल्टरची रुंदी, डिटेक्टरची संवेदना, या सगळ्यांत फरक आहे. तुलना करायची ती एकाच डायची, एकाच सेटिंगवर, एकाच दिवशी रंगवलेल्या स्लाइडमध्ये. एक्सपोजर सगळ्यात उजळ स्लाइडवर असे लावा की एकही पिक्सेल संपृक्त होणार नाही, आणि मग ते हलवू नका. कंट्रोल आणि प्रयोगाच्या स्लाइड आलटून पालटून पाहा. सगळे कंट्रोल आधी आणि प्रयोग नंतर असे केले तर दिवा तापण्याचा फरक तुमच्या निष्कर्षात शिरतो. चित्र छापताना हिरवा-लाल जोडीऐवजी हिरवा-मॅजेंटा घ्या, म्हणजे लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकालाही ते वाचता येते.